तळव्याएवढी जागा

ते फूल तुम्ही कुठंतरी पाहिलं असेल. आठ पाकळ्या, मधोमध गोल आरसा, पाकळ्यांच्या टोकाला कवड्या. एके काळी आमच्या संस्थेच्या प्रत्येक पिशवीवर, प्रत्येक उशीच्या खोळीवर ते असायचं. पुढं तर दुकानदारांनी त्याची नक्कल छापून टाकली, कवड्यांच्या जागी पांढरे ठिपके देऊन. अजूनही कुठं शिबिराला बोलावलं की मुली वह्या उघडून विचारतात, ''मॅडम, हे डिझाइन तुम्हाला सुचलं कसं?'' मी ठरलेलं उत्तर देते, ''आईच्या हातून आलं.'' लगेच टाळ्या पडतात. मला त्या टाळ्यांचा राग येतो, पण त्या पोरींचा काय दोष? मी त्यांना अर्धंच सांगत आले. आता ज्यांना दुखेल अशी माणसं राहिली नाहीत, मी सोडून. म्हणून पूर्ण सांगते.

आमचा लमाणांचा तांडा जळकोटच्या पुढं, हमरस्ता सोडून दोन कोस आत. घरात आम्ही आमची गोरबोली बोलायचो आणि आईला याडी म्हणायचो. इथं मात्र तिचं बोलणं मी ती बाजारात जी मराठी बोलायची, तिच्यात लिहितेय. ती मराठीही तिची स्वतःचीच होती. दुकानदार कितीही शहाणा असो, दोऱ्याचा रंग कच्चा निघाला तर ती त्याच मराठीत त्याला असं झोडपायची की तो मुकाट्यानं दुसरी लडी काढून द्यायचा.

याडीला अक्षर येत नव्हतं. पण ती रुमाल भरायची. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. लग्नाकार्यात ताटं झाकायला आमच्यात जो दीड हात चौरस कपडा असतो तो. गडद निळ्या नाहीतर लाल कापडावर दाट टाके, आरसे, कवड्या. बाहेरच्या माणसाला ती नुसती नक्षी दिसते. आमच्या घरच्या बाया मात्र तो कडेपासून आत वाचत जायच्या. कडेला डोंगर आणि वाट, म्हणजे तांडा कुठून कुठं आला ते. आतल्या ओळीत विहीर आटली ते साल, बैल विकला ते साल, लेक दिली ते साल. मी शाळेची बाराखडी शिकायच्या आधी ही टाक्यांची बाराखडी वाचायला शिकले होते, आणि त्याचा मला मोठा तोरा होता. त्या तोऱ्यानंच पुढं घात केला.

बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आश्रमशाळेत दोन वेळचं मिळतं म्हणून मला तिथं टाकलं. मागं घरी राहिली माझी तीन वर्षांची धाकटी बहीण. तिला कमरेवर घेऊन याडी दुष्काळी कामावर जायची. पाझर तलावाचं काम होतं. दिवसभर माती वाहायची आणि पोरीला बांधाच्या सावलीला, पाटीच्या आडोशाला बसवायचं. उन्हाळ्यात कामावर हगवणीची साथ आली आणि दोन दिवसांत धाकटी गेली. लहान लेकरू म्हणून तिथंच, कामाच्या कडेला मातीत ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात तलावाला पाणी आलं. सगळा भाग आनंदला, आणि ती जागा पाण्याखाली गेली.

मी सुट्टीला आले तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. ''धाकटी कुठं हाय?'' मी विचारलं. ''गेली,'' याडी म्हणाली आणि माझ्या डोक्यातल्या उवा बघायला बसली. त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. फोटो काढायची चैन तांड्यात कुणाला होती? तिचं एक झबलं होतं तेही तिच्याबरोबरच गेलं. मला ती नीट आठवतही नव्हती. शाळेत जाताना ती माझ्या परकराला धरून रडली होती, एवढंच, आणि तेव्हाही मी मागं वळून बघितलं नव्हतं, कारण गाडीत खिडकीची जागा पाहिजे होती.

त्या सालापासून याडीनं एक रुमाल धरला. तो तिनं पाच-सहा वर्षं भरला. दर सुट्टीत मी तो उलगडून वाचायचे. कडेला खडीचे ढीग, मग पाण्याच्या टँकरपुढं घागरींची रांग, मग दोन चाकांचा चौकोन म्हणजे मला घेऊन गेलेली एसटी. एसटीला तिनं खिडक्या दिल्या होत्या आणि एका खिडकीत बारकासा आरसा लावला होता. ''ह्यो कोण?'' मी विचारलं. ''तूच की. गाडीत बसून तोरा मिरवणारी,'' ती म्हणाली. आणि मधोमध, जरा डावीकडं, एक जागा तशीच होती. नुसतं निळं कापड. लहान लेकराच्या तळव्याएवढी.

दुपारी काम आटोपलं की याडी तो रुमाल मांडीवर घ्यायची आणि त्या जागेवर हात ठेवून बसायची. कधी घटकाभर, कधी जास्तच. मला वाटायचं, ती चुण्या मोडतेय. तेव्हा तिच्याशी बोललं तर ती ओ द्यायची नाही, आणि मी चिडायचे.

मी मॅट्रिक झाले त्या सुमाराला तालुक्याला महिलांची सहकारी संस्था निघाली. त्या काळात जिकडंतिकडं सोसायट्याच होत्या. दुधाची, सुताची, मग बायकांच्या शिवणकामाचीही निघाली. संस्थेच्या अध्यक्षबाई जीप घेऊन आमच्या तांड्यावर आल्या. बाई मनानं चांगल्या होत्या, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांच्यावर खापर फोडू नये. मुंबईला हस्तकलेचं प्रदर्शन होतं. त्यातून एका मुलीला सहा महिन्यांचं डिझाइनचं शिक्षण मिळणार होतं, नंतर संस्थेत नोकरी. प्रत्येकीनं घरातलं उत्तम काम संस्थेत आणायचं होतं; परीक्षक तिथंच येऊन निवड करणार होते. मला ते शिक्षण इतकं हवं होतं की रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचं नसेल तर तेवढी एकच वाट दिसत होती.

मी याडीकडं तो रुमाल मागितला. तिनं तो उचलून पेटीत ठेवला. मग म्हणाली, ''दुसरा ने. लाल ने.''

''लाल जुना झालाय. ह्यात सगळं हाय याडी, दुष्काळ हाय, गाडी हाय. असला कुणाकडंच न्हाय.''

''ह्यो दाखवायचा न्हाय.''

मी रडले, रुसले, दोन दिवस जेवले नाही. अठरा वर्षांची घोडी, पण लहान पोरीसारखा हट्ट केला. तिसऱ्या दिवशी तिनं तो घडी घालून माझ्यासमोर ठेवला. ''दाखव आन् घिऊन ये. धुवू नगो,'' एवढंच म्हणाली. ती जागा कसली, हे तिनं सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते मला नंतर कळलं.

संस्थेच्या हॉलमध्ये अध्यक्षबाईंनी रुमाल उलगडला आणि त्या खुर्चीतून उठल्याच. त्यांनी सगळ्यांना बोलावून तो दाखवला. मी एकेक ओळ वाचून दाखवली आणि सगळ्या बायका ऐकत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं इतकं ऐकत होतं. मग बाईंचं बोट त्या निळ्या जागेवर थांबलं. ''हे राहिलंय का? अर्धवट काम परीक्षक घेत नाहीत गं.''

इथं मी म्हणायला हवं होतं, 'विचारून येते.' तांडा काही लंकेत नव्हता. पण मी वाचणारी ना! मला येत नाही असं त्या रुमालात काही असेल, हे माझ्या डोक्यात शिरेना. मी म्हणाले, ''याडीचे डोळे हल्ली दुखतात. राहून गेलं असेल. मी भरते.''

दोन दुपारी मी हॉलच्या खिडकीशी बसून ते फूल भरलं. माझ्या हातून निघालेलं ते पहिलं खरं काम. पाकळ्या मी कागदावर न काढता थेट कापडावर धरल्या आणि आठही सारख्या उतरल्या. मधे संस्थेच्या डब्यातला सगळ्यांत मोठा आरसा लावला. भरताना मी गुणगुणत होते, हेही मला आठवतं.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या जागेच्या भोवती याडीनं बारीक दुहेरी टाक्याची कड घातली होती, पांढऱ्या दोऱ्यानं, इतकी बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. जी बाई काम अर्धवट सोडते ती त्याला अशी कड घालत नाही. माझ्या बोटाला ते कळलं होतं. सुई क्षणभर थांबलीही होती. पण परीक्षक येणार होते आणि मला मुंबईला जायचं होतं. मी पाकळ्यांची टोकं त्या कडेवरूनच घेतली.

रुमालाला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी नेमकं फुलावर बोट ठेवून विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणाले, मी. शिक्षणासाठी माझी निवड झाली.

महिन्याभरानं अध्यक्षबाई हार-नारळ घेऊन तांड्यावर आल्या. तांड्याचा प्रमुख म्हणजे नाईक, त्याच्या दारापुढं सतरंज्या टाकल्या होत्या, सगळा तांडा जमला होता. बाईंनी याडीला पुढं बोलावून शाल दिली आणि आम्ही दोघींनी मिळून, एक टोक बाईंच्या हातात, एक माझ्या, असा तो रुमाल लोकांसमोर धरला. पोरं ओरडली, गडी टाळ्या वाजवायला लागले. आमच्या भावकीतल्या म्हाताऱ्या बायका मात्र गप्प झाल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, तिचं ऊर भरून आलंय.

याडी जवळ आली. तिनं सवयीनं हात पुढं केला आणि त्या जागेवर ठेवला. हाताखाली आरसा आला. तिनं हात उचलला, बघितलं, पुन्हा ठेवला. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, ती शाबासकी देईल म्हणून. ती अध्यक्षबाईंकडं वळली आणि म्हणाली, ''चांगलं झालंया बाई. पोरीचा हात चांगला हाय.'' मग ती शाल तशीच खांद्यावर घेऊन घरात गेली.

मला सांगितलं ते माझ्या थोरल्या काकीनं, हापशावर, घागर भरता भरता. तिनं माझा दंड धरला, इतका घट्ट की तिच्या बोटांचे वळ उठले. ''आगं करंटे, काय करून बसलीस? लेकरू जातं त्या साली त्याच्या तळव्याएवढी जागा सोडायची असती. भोवतीनं काम करायचं, आत सुई घालायची न्हाय. ती त्याची जागा असती. आईनं मरस्तोवर हात ठिवायचा.''

''मला कुणी सांगितलंच न्हाय!''

''लगीन न झालेल्या पोरीला सांगत न्हाईत. तिच्या कुशीला लागतं. आता म्या सांगितलं, काय व्हायचं ते हू दे.''

मी घागर तिथंच टाकून पळाले. घरात याडी भाकरी थापत होती. मी पेटीतून रुमाल काढला, दाढीचं पातं घेतलं आणि पहिल्या पाकळीचा दोरा कापणार, तेवढ्यात तिनं पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं.

''उसवते याडी. आत्ता उसवते. हुतं तसं करते.''

''भोकं राहत्यात,'' ती म्हणाली. मग माझ्या हातातलं पातं काढून घेत, ''तुझं पैलं काम हाय ते. पोरीचं पैलं काम आईनं उसवू दिलं तर पोरीचा हात जातो. एका लेकीपायी दुसरीचं उसवू व्हय?''

मी तिच्या पायावर पडून रडले. तिनं मला उठवलं, माझ्या तोंडावरून हात फिरवला. गालाला पीठ लागलं ते तिनंच पदरानं पुसलं. ती ओरडली असती, तिनं मारलं असतं, तर बरं झालं असतं. काकीसारखी करंटी म्हणाली असती तरी मी ती शिवी जन्मभर सुखानं वागवली असती. पण तिनं मला वाचवायचं ठरवलं होतं. तिच्याकडं दोन लेकी होत्या आणि जी जिवंत होती तिची बाजू तिनं घेतली. ते मला आजही सोसत नाही.

मी शिकायला गेले, परत आले, संस्थेत लागले. चौकटीच्या कागदावर डिझाइन काढायचं, रंगांचे नंबर टाकायचे, नऊ तांड्यांवर नेऊन द्यायचं, हे माझं काम झालं. पहिलीच मागणी आली ती त्या फुलाची. बक्षिसाचं फूल! मी अध्यक्षबाईंना म्हणाले, दुसरं देते, याहून चांगलं देते. त्या हसल्या, ''गिऱ्हाईक जे मागतं ते द्यायचं असतं गं.'' खरं कारण मी सांगितलं नाही. ती जागा कसली हे परक्या माणसाला सांगणं म्हणजे तिथं दुसरी सुई घालणं, असं मला वाटलं. मग मी ते फूल कागदावर उतरवलं. शेकडो वेळा उतरवलं. लोकांनी त्यावर पाठी टेकल्या, त्यात भाजी आणली, आणि त्यावर माझं घर चाललं. माझी दुसरी कामंही नावाजली गेली. टँकरची रांग, खडी फोडणाऱ्या बाया, घागरींचा डोंगर. लोक म्हणायचे, ही दोऱ्यानं गोष्ट सांगते. ते बरोबरच आहे. एक गोष्ट मात्र मी बुजवली आणि तिच्यावरच माझं नाव झालं.

याडीनं त्यानंतर सुई धरली नाही. मी पक्क्या रंगाचे दोरे न्यायचे, नवं कापड न्यायचे. ती म्हणायची, ''ठिव तिथं. दिसत न्हाय आता.'' पण तांदळातला खडा तिला बरोबर दिसायचा. दुपारी ती उंबऱ्यात रिकामी बसायची, हात मांडीवर उताणे. त्या हातांकडं बघवायचं नाही मला.

पंच्याऐंशी सालच्या पुढं पुन्हा पावसानं दगा द्यायला सुरुवात केली. तलाव आटत चालला. एके वर्षी पार तळ दिसला. भेगाळलेला गाळ, त्यात गुरांची हाडं. मी तालुक्याहून धावत आले आणि याडीला म्हणाले, ''चल, तिची जागा बघू.'' आम्ही दोघी दिवसभर त्या गाळातून फिरलो. ती इथं थांबायची, तिथं थांबायची, बांधाकडं बघून पावलं मोजायची. शेवटी म्हणाली, ''सगळं येकच झालंया.'' आम्ही परत आलो.

मग मी मनाशी ठरवलं की मी तिचं चित्र काढीन. मला काढता येतं, तेवढं तरी येतं. याडी सांगेल तसं काढायचं, आणि मग त्यावरून नवा रुमाल भरायचा, कुणाला न दाखवायचा, फक्त याडीला द्यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कागद-पेन्सिल घेऊन तिच्यासमोर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा धाकटीचं नाव घेतलं आणि विचारलं, ''कशी दिसायची गं ती?''

याडीनं डोळे मिटले. ''पैलं हात ठिवला की यायची,'' ती म्हणाली. ''तोंड यायचं, हसणं यायचं. आता हात ठिवला की फूल येतं. तुझं फूल लई चांगलं हाय. पर ती मागं सरली.''

मी पेन्सिल खाली ठेवणार होते, तोच ती बोलायला लागली. घाईघाईनं, आठवतंय तोवर सांगून टाकावं तशी. ''कपाळ मोठं. केस कुरळे, कानापाशी जास्त. नाकाचं टोक जरा वर. आन् उजव्या भिवईत खोक हुती, हितं, केस उगवायचा न्हाय तिथं.''

मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे मिटलेलेच होते आणि तोंडावर किती वर्षांनी हसू आलं होतं. धाकटीला खोक नव्हती. आश्रमशाळेत हौदाच्या काठावरून पडले तेव्हा मला पडली ती, धाकटी गेल्यानंतरच्या वर्षी. कुरळे केस माझे, ते नाकही माझंच. आता जगात कुणालाच तिचं तोंड ठाऊक नव्हतं.

मी ती सांगत गेली तसं काढत गेले. कपाळ, केस, नाक. भुवईतली खोकही काढली. वय तेवढं तीन वर्षांचं ठेवलं. याडीनं डोळे उघडले, कागद हातात घेतला, उजेडाकडं धरला.

''व्हय,'' ती म्हणाली, ''हीच. अगदी हीच.'' आणि तिनं तो कागद छातीशी धरला.